एका कोंबडीचा कुलवृत्तांत

मराठी माणसाला समोरच्याचं कूळ कळल्याशिवाय चहा गोड लागत नाही. आडनाव विचारून झालं की मूळ गाव, मूळ गाव कळलं की "म्हणजे वरच्या आळीतले की खालच्या?" आणि तेही कळलं की आजोळ. समोरचा बिचारा सायकलचा पंप मागायला आलेला असतो. ज्यांची भूक तोंडी चौकशीने भागत नाही ते कुलवृत्तांत छापतात. जाड पुठ्ठ्याचे ग्रंथ; त्यांत पेशवाईतल्या मूळपुरुषापासून न्यू जर्सीतल्या पणतूपर्यंत सगळे आपापल्या फांदीवर बसवलेले असतात. फक्त अमुक पिढीत, अमुक घरात एकदम घाऱ्या डोळ्यांचं मूल कसं काय जन्मलं, एवढी एकच नोंद संपादक मंडळाच्या हातून सुटते.

कोंबड्यांना संपादक मंडळ नसतं. मागल्या पिढ्यांनी काय काय केलं ते सगळं पिसांवर उघडं लिहिलेलं असतं आणि ते लेवून ती बाई दिवसभर उकिरडा उकरत सगळ्या गावासमोर फिरते.

माझी आत्या पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात राहते. तिच्याकडे गावठी कोंबड्या कायम असतात. किती, ते विचारायचं नाही. मोजल्या की मुंगूस नेतं अशी तिची खात्री आहे. मागे तिने खुडूक बसवलेल्या एका कोंबडीची पिल्लं निघाली. सुरुवातीला सगळी सारखीच दिसत होती. मग पंखांना खरी पिसं फुटायला लागली आणि त्यातल्या एका पिल्लाने घराण्याची रीत सोडली. बाकीच्यांची पिसं अंगालगत शेपटीकडे झुकून बसली. याची मात्र बाहेरच्या अंगाला वळून डोक्याकडे तोंड करून उभी राहिली. महिनाभरात ते पोर एस.टी.च्या शेवटच्या बाकावर खिडकी उघडी ठेवून रात्रभर प्रवास करून आल्यासारखं दिसायला लागलं.

वाडीत तपास सुरू झाला. शेजारच्या काकूंचं म्हणणं, कोंबडी अंड्यांवर असताना आभाळ गरजलं होतं, त्याचा हा परिणाम. एकाच पिल्लावर कसा, असं विचारल्यावर, "ते कडेचं अंडं असणार" हे उत्तर तयार होतं. निवृत्त मास्तरांनी युरियाला दोषी धरलं. मास्तर गेली कित्येक वर्षं सगळ्याबद्दल युरियालाच दोषी धरतात, यात सुनांची उलट उत्तरंही आली. तिसरा आला तो देवर्षी. त्याने कारण-बिरण काही विचारलं नाही, सरळ किंमत विचारली. उलट्या पिसांच्या कोंबडीला त्या व्यवसायात चांगला भाव असतो. उताऱ्याला, करणी काढायला, करणी घालायला, सगळीकडे ती चालते. आत्या म्हणाली, "आधी गेल्या जत्रंच्या अंड्यांचं पैसं दे, मग बघू." देवर्ष्याला एकदम दुसरीकडचं काम आठवलं.

वास्तविक या पिसांमागचं रहस्य २०१२ साली उकललेलं आहे. लॉस एंजेलिसमध्ये चेंग-मिंग चुओंग नावाचे शास्त्रज्ञ आयुष्यभर पिसांच्याच मागे आहेत. त्यांच्या चमूने उलट्या पिसांच्या कोंबड्यांचा डीएनए तपासला. पिसाच्या मध्यातून जो दांडा जातो, तो केराटिन नावाच्या प्रथिनाच्या आधाराने ताठ राहतो. या कोंबड्यांत केराटिनाच्या एका जनुकातला ६९ अक्षरांचा तुकडा गळलेला असतो. तेवढ्याने दांड्याचा कणा कच्चा राहतो आणि पीस वळतं. आभाळ, युरिया आणि देवर्षी तिघेही निर्दोष सुटले. कोंबडीचा सगळा जनुकसंच साधारण १०० कोटी अक्षरांचा असतो; त्यात ६९ अक्षरं म्हणजे काहीच नाही. पण सातबाऱ्यावर एक मात्रा चुकली तर काय होतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आश्चर्य वाटू नये.

आता मुद्दा पितृत्वाचा. हे जनुक लपून बसणारं नाही. आईबापांपैकी एकाकडून जरी मिळालं तरी पिसं वळतात. आत्याची कोंबडी सरळ पिसांची. तिचा कोंबडाही सरळ पिसांचा, शिवाय आत्याच्या मते सरळ वळणाचा. म्हणजे बाप तिसराच. इथे आत्या जरा गप्प झाली, आणि वाडीतल्या बायकांना बऱ्याच दिवसांनी बोलायला विषय मिळाला.

संशयित एकच होता. खालच्या आळीत एकांनी जत्रेसाठी कुठूनसा उलट्या पिसांचा एक कोंबडा आणला होता आणि तो चार दिवस सगळ्या वाडीतून मोकळा हिंडला होता. पण मास्तरांनी हिशेब मांडून दाखवला की जत्रेत त्याचा रस्सा झाला तेव्हा हे अंडं पडलेलंसुद्धा नव्हतं. मेलेल्या कोंबड्यावर आळ घेणं बरं नव्हे, असं म्हणून त्यांनी प्रकरण मिटवत आणलं.

कोंबडीचं शरीर मास्तरांच्या हिशेबाला बांधलेलं नसतं. तिच्या अंडनलिकेत बारीक बारीक नळ्या असतात, आणि एकदा भेट झाली की कोंबड्याचं बीज तिथे दोन-तीन आठवडे जिवंत साठून राहतं. रोज एक अंडं खाली येतं, रोज त्याला साठ्यातला वाटा मिळतो. म्हणजे बाप रश्श्यात गेल्यावर पंधरा दिवसांनीही त्याच्या नावाचं अंडं पडू शकतं. वर उबवणीचे २१ दिवस धरा. मुंबईच्या पाहुण्यांनी "वा, गावठीची चवच वेगळी" म्हणून हाडं चोखली, एस.टी. पकडून ते घरी गेले, पगार झाला, तो खर्चही झाला, आणि त्यानंतर मयताचा वारस कवच फोडून हजर झाला. अशा वेळी दिवाणी कोर्टानेसुद्धा काय करावं?

यात कोंबडीला कुणी बिचारी समजू नये. पिझारी आणि बर्कहेड या दोघांनी २००० साली मोकाट कोंबड्यांचं निरीक्षण करून दाखवून दिलं की कळपातल्या खालच्या पायरीवरच्या कोंबड्याने जबरदस्ती केली तर कोंबडी त्याचं बीज मागाहून बाहेर टाकून देते. जत्रेच्या पाहुण्याचं तिने ठेवून घेतलं. याचा अर्थ वाडीतल्या बायकांनी काय काढला ते छापण्यासारखं नाही.

एक पळवाट मात्र आत्याच्या कोंबडीला मिळू शकते, आणि न्यायाच्या दृष्टीने ती नोंदवायला हवी. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या हट नावाच्या संशोधकाने दाखवलं की एक दुसरंच जनुक या वळलेल्या पिसांना दाबून बऱ्यापैकी सरळ करून ठेवतं. म्हणजे कोंबडी वरून साधी, अंगावरून हात फिरवला तरी साधी, आणि आत वारसा उलट्या पिसांचा. सोयरीक जुळवताना "मुलीचं वळण सरळ आहे" म्हणून सांगितलं जातं, त्यातलाच हा प्रकार. हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "माझ्या कोंबडीवर दोन्हीकडून आळ घेऊ नगस."

कोंबड्यांच्या घराण्यात शिरलं की आपल्याकडचे बरेच शहाणपणाचे सिद्धान्त डोक्यावर उभे राहतात. माणसांत पोटी मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, तरी आपल्या सासवा पिढ्यान् पिढ्या सुनेला बोल लावत आल्या. कोंबड्यांत ते आईवर ठरतं. लिंग ठरवणारी गुणसूत्रं कोंबड्याजवळ दोन्ही सारखी, तर कोंबडीजवळ दोन वेगळी असतात. पट्ट्यापट्ट्यांच्या प्लायमाउथ रॉक जातीत तर आईच्या अंगावरचे पांढरे पट्टे फक्त मुलग्यांना मिळतात, कारण ते जनुक आईच्या ज्या गुणसूत्रावर असतं ते ती मुलीला देतच नाही. काळ्या कोंबड्याशी असल्या कोंबडीचं लग्न लावलं की अंड्यातून निघता निघता मुलग्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो. सासू कोंबडी असती, तर शास्त्र तिच्या बाजूने उभं राहिलं असतं.

मुकाट्याने दडून बसणारे वारसे वेगळेच. रेशमी कोंबडीची पिसं पिसांसारखी नसतातच. पिसाच्या काड्यांना एकमेकींत अडकायला जे आकडे लागतात ते तिच्यात तयार होत नाहीत, म्हणून सगळं अंग मोकळं मोकळं, मांजरासारखं. चीनमध्ये अशा कोंबड्या आहेत, अंगावर पिसं नाहीत, मांजराचे केस आहेत, असं तेराव्या शतकात मार्को पोलोने सांगितलं तेव्हा युरोपने ते त्याच्या बाकीच्या थापांच्या खात्यात जमा केलं. हे जनुक आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून यावं लागतं. एकाच बाजूचं आलं तर पिढ्या पिढ्या ते नुसतं आत बसून राहतं. २०१४ साली ते सापडलं तेव्हा कळलं की ते क्यू-टेन नावाचं द्रव्य बनवणाऱ्या यंत्रणेतलं आहे. हेच क्यू-टेन सुरकुत्या जाव्यात म्हणून बायका चेहऱ्याच्या क्रीममधून लावतात. कोंबडीच्या वाढत्या कातडीत त्या यंत्रणेचा जोर जरा कमी पडला आणि तिला रेशीम आलं. आमच्या घरात महागडी बाटली संपली, पण कुणाला रेशीम आलं नाही.

बोडक्या मानेच्या कोंबडीची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यावर अन्याय फार झाला आहे. मानेवर एकही पीस नाही, लालभडक कातडी, वर झुपका, खाली पुन्हा अंगभर पिसं. ती परसात आली की लहान मुलं आजारी आहे म्हणतात, मोठी माणसं अशुभ म्हणतात आणि खवय्ये साफ करायला सोपी म्हणतात. एडिंबराच्या रॉस्लिन संस्थेत, जिथे डॉली मेंढी जन्मली तिथेच, २०११ साली डेनिस हेडन आणि मंडळींनी तिचं कारण शोधलं. पहिल्या गुणसूत्राचा एक तुकडा सुटून तिसऱ्यात जाऊन घुसला आहे. त्यामुळे पिसं न फुटण्याचा निरोप देणारं प्रथिन जास्त बनतं. ते सगळ्या अंगभर बनत असूनही मानच का बोडकी, याचं उत्तर मला फार आवडलं: मानेच्या कातडीत अ जीवनसत्त्वाचा एक भाऊबंद मुळातच भरपूर असतो आणि तो त्या निरोपाला जोर देतो. बाकीच्या अंगाने निरोप ऐकून न ऐकल्यासारखा केला, मानेने तेवढा मनावर घेतला. प्रत्येक घरात असा एक सदस्य असतोच.

पिसं कमी म्हणजे उन्हाळ्यात अंग थंड राहायला सोपं. मराठवाड्यातल्या मे महिन्यात ही कोंबडी बाकीच्यांपेक्षा बरी तग धरते. उलट्या पिसांचंही तेच. वारा अंगाला लागतो. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने दोघींच्या वेगवेगळ्या संकरांतून परसात पाळायला कोंबड्या तयार केल्या आणि त्यांची नावं ठेवली. बोडक्या मानेच्या संकराचं नाव 'हितकारी' आणि उलट्या पिसांच्या संकराचं 'उपकारी'. सरकारी नावांची आपण एरवी चेष्टा करतो, पण इथे मला सरकारचं मनापासून कौतुक वाटतं. जिला आमच्याकडे बारा वाजता तिठ्यावर कापून ठेवतात तिला सरकारी कागदावर कुणीतरी 'उपकारी' म्हटलं. याच मालिकेत कडकनाथाच्या संकराला 'श्यामा' आणि असीलच्या संकराला 'निर्भीक' म्हणतात. नामकरण समितीत नाट्यसंगीताचा शौकीन बसला असावा.

कडकनाथाचा विषय निघाला म्हणून एवढंच सांगतो की आतून-बाहेरून काळं असण्याचं त्याचं कारणही गुणसूत्रातली एक उलथापालथ आहे, आणि चीनच्या, इंडोनेशियाच्या, स्वीडनच्या काळ्या कोंबड्यांतही तीच उलथापालथ सापडते. म्हणजे झाबुआचा कडकनाथ आणि स्वीडनची काळी कोंबडी भाऊबंद. २०१८ साली झाबुआला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा हा भाऊबंद बोलावलेला नव्हता.

डार्विनलाही हाच नाद होता. १८६८ साली पाळीव प्राण्यांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिताना त्याने कोंबड्यांना अख्खं प्रकरण दिलं, आणि उलट्या पिसांच्या कोंबड्या भारतात दुर्मिळ नाहीत हे त्यात नमूद केलं. ही असली माहिती त्याला कलकत्त्याहून एडवर्ड ब्लाइथ पुरवायचा. एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा हा गृहस्थ पत्रं लांबलचक लिहायचा आणि पगार कमी म्हणून कुरकुर करायचा. डार्विनने स्वतः परसात काळा स्पॅनिश कोंबडा आणि पांढरी रेशमी कोंबडी यांचं लग्न लावलं. पोटी आलेल्या पिल्लांतला एक कोंबडा मोठा झाल्यावर तांबड्या-सोनेरी पिसांचा, हुबेहूब रानकोंबड्यासारखा निघाला. बाप काळा, आई पांढरी, पोरगा थेट हजारो वर्षांमागच्या पूर्वजावर गेला. आपल्याकडे यावर सहा महिने घरात कुणी कुणाशी बोललं नसतं. डार्विनने त्यावरून निष्कर्ष काढला की जगातल्या सगळ्या कोंबड्या तांबड्या रानकोंबड्याच्या वंशातल्या आहेत.

निष्कर्ष बराचसा बरोबर होता. आता जनुकांवरून असं दिसतं की माणसाळायची सुरुवात आग्नेय आशियाच्या बाजूला, म्यानमार-थायलंड-दक्षिण चीनकडच्या तांबड्या रानकोंबड्यापासून झाली. पण मूळपुरुष एकच, या दाव्यात गोम होती, आणि ती आमच्या आत्याच्या परसात चालत होती.

गोम पायांत आहे. पुष्कळ गावठी कोंबड्यांचे पाय पिवळेजर्द असतात. हा पिवळेपणा दाण्यातल्या, मक्यातल्या रंगद्रव्याचा. एरवी कोंबड्यांच्या कातडीत एक जनुक ते रंगद्रव्य फोडून टाकतं, म्हणून कातडी पांढरी राहते. पिवळ्या पायाच्या कोंबडीत ते जनुक कातडीपुरतं झोपलेलं असतं. २००८ साली स्वीडनमधल्या उप्सला विद्यापीठात लीफ आंदरसोन यांच्या चमूने हा झोपलेला तुकडा तपासला तर तो तांबड्या रानकोंबड्याचा नव्हताच. तो होता राखी रानकोंबड्याचा.

राखी रानकोंबडा म्हणजे आपला, सह्याद्रीचा. कोयना, चांदोली, राधानगरीच्या रानात पहाटे जो ओरडतो तो हा. पिएर सोनेरा या फ्रेंच प्रवाशाच्या नावावर त्याचं शास्त्रीय नाव लागलं, कारण सह्याद्रीतल्या लोकांनी त्याला आधी पाहिलं असलं तरी कुणी अर्ज केला नव्हता. याच्या मानेची पिसं या सगळ्या लेखातली सर्वांत विचित्र पिसं आहेत: टोकाला मेणाच्या थेंबासारखे पिवळसर चकचकीत ठिपके. ते इतके देखणे की विलायतेत सॅमन मासा पकडायला जी खोटी माशी बनवत, तिला डोळे म्हणून ही पिसं लावत. स्कॉटलंडच्या नदीत मासा फसायचा तो पश्चिम घाटातल्या कोंबड्याच्या मानेला.

तर असा हा कोंबडा कधीतरी रानाच्या कडेला आला, कुण्या घराच्या कोंबडीला भेटला आणि निघून गेला. कुणी पाहिलं नाही, कुणी विचारलं नाही. आज अमेरिकेतल्या पोल्ट्रीत, ब्राझीलच्या शेतात, पुण्याच्या चिकन सेंटरमध्ये जिथे जिथे पिवळ्या कातडीची कोंबडी आहे, तिथे त्या भेटीचा पुरावा टांगलेला आहे. मूळपुरुष आग्नेय आशियाचा असेल; आजोळ मात्र आपल्या बाजूचं. हे आत्याला सांगितलं तेव्हा तिला नवल वाटलं नाही. रानातला कोंबडा पहाटे कुंपणापर्यंत येतो हे तिला ठाऊक होतं. तिला आश्चर्य एवढंच की हे शोधायला स्वीडनला जावं लागलं.

उलट्या पिसांचं ते पिल्लू पुढे तलंग निघालं आणि सध्या अंडी देतं. देवर्षी अजून अधूनमधून तिकडून जातो. तुमच्या परसात असं पिल्लू निघालं तर विकू नका. ते नीट उडत नाही, तेव्हा संध्याकाळी बाकीच्या कोंबड्या झाडावर चढल्या तरी याला खुराड्यात घ्या. पावसात ते लवकर भिजतं, गारठतं, तेव्हाही आत घ्या. आणि हौस म्हणून त्याला तसलाच उलट्या पिसांचा जोडीदार आणू नका. अशा जोडीच्या एक चतुर्थांश पिल्लांना ते जनुक दोन्हीकडून मिळतं, त्यांची पिसं इतकी ठिसूळ होतात की झडून अंग उघडं पडतं, आणि अंग गरम ठेवता ठेवता त्यांचं काळीज थकतं. जोडीला साधा, सरळ पिसांचा कोंबडा ठेवा. निम्मी पिल्लं कुरळी निघतील, निम्मी साधी, आणि सगळी जगतील.